दिवलीबाईसाठी तीस मासे

शेजारी म्हणत, वाहरूला उतारवयात खूळ लागलं आहे. लोक मासळी चुलीवर नेतात. हा ती पाण्यासकट डोंगरावर आणतो आणि मेली की पुन्हा आणायला उतरतो. "वाहरूदादा, मासे पाळायला घेतले काय, कोंबड्यांसारखे?" असं शेजारचा नथ्थू विचारी.

अक्राणीच्या डोंगरात, धरणाने अडलेल्या नर्मदेच्या फुगवट्यावर, वाहरू आणि त्याची बायको दिवलीबाई वीस वर्षं एकाच डोंगीत, लहानशा होडीत, बसले. जाळं त्याचं, नजर तिची. समुद्रातल्या तारलीची बोटभर लांबीची एक चंदेरी नातलग या गोड्या पाण्यात झुंडीने फिरते. वारा नसताना पाण्यावर शहारा उठला की दिवलीबाई हात वर करी. झुंड तिथेच असे.

गेल्या पावसाळ्यात ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. घरापासून पाणी तासभर खाली. आता उतरणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून जाळ्यात काय आलं हे विचारणंही तिने सोडलं. थंडी पडल्यावर एकदाच ती नवऱ्याला म्हणाली, "ते मासे सगळे एकदम वळतात ना, तेवढं बघायचं होतं."

मग वाहरूच्या खेपा सुरू झाल्या. या मासळीला गळ चालत नाही. ती पाण्यातला डोळ्यांना न दिसणारा हिरवा जीव गाळून खाते. जाळ्याचा नुसता स्पर्श झाला तरी खवले गळतात आणि ती मरते. म्हणून त्याने तेलाचा चौकोनी डबा पाण्यात बुडवून धरला. मासे आले, पण कोपऱ्यात तोंडं आपटून वाटेतच मेले. गोल पातेल्यात पाच नेले. ते एवढे बिथरले की अर्ध्या चढणीवर उलटे झाले. सोबत पुरेशी नसली की त्यांना धीर राहत नाही, हे त्याला तेव्हा उमगलं.

सहाव्या खेपेला मोठ्या पातेल्यात तीस मासे आले. वर ओलं फडकं टाकून, दर वळणावर थांबत, तो चढला.

दिवलीबाईची खाट अंगणात होती. फडकं काढलं. मासे एकामागे एक गोल फिरत होते. तिने पाण्यावर हात धरला. सावली पडताच तीसही एका क्षणात वळले आणि सगळ्यांच्या कुशी एकदम चमकल्या.

"डोंगीतून एवढे जवळ कधी दिसले नाहीत," ती म्हणाली. मग बऱ्याच महिन्यांनी तिने विचारलं, "आज कुठल्या बाजूला होते?"

तो सांगत राहिला, ती मधे मधे चुका काढत राहिली. ऊन चढलं तसे मासे वर येऊन तोंड उघडू लागले. "मरतील. सोडून ये," ती म्हणाली.

वाहरू पातेलं उचलून निघाला. वाटेत नथ्थू भेटला. "दादा, पुन्हा तासभर उतरणार? बोटभर माशांसाठी?"

"माशांसाठी कोण उतरतो? तिने सोडून ये म्हटलं."