अडवून ठेवलेली तीन उत्तरं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं सहसा काही लपत नाही.

ब्लॉगचे दिवस होते ते. शाळेतून शिकवून आलो की खांदा कॉलनीतल्या घरी मी पनवेलच्या राजकारणावर लिहीत बसे. वाचकांची प्रत्येक प्रतिक्रिया आधी माझ्याकडे यायची. मी मंजूर केली तरच ती लोकांना दिसायची. निनावी आरोप छापले जाणार नाहीत, असा नियम मीच ठळक अक्षरांत लावला होता. केवढा रुबाब!

तेव्हा खाडीतल्या भरावाचा विषय पेटला होता. भरावाविरुद्ध कोळ्यांची समिती उभी होती आणि तिचे पुढारी होते हिराजी नाखवा. एका सभेत मी खाडीवर लांबलचक बोललो. नाखवा उठून म्हणाले, "सर, तुमी चिखलात पाय तरी घातलाव का कदी?" लोक हसले. मीही हसलो — पण ते आत ठसठसत राहिलं. त्यांचं काय चुकलं होतं? मी खरंच कधी उतरलो नव्हतो.

आठवड्याभरात एक निनावी प्रतिक्रिया आली. नाखवांनी पोराच्या नोकरीसाठी भरावाला गुपचूप संमतीची सही दिलीय म्हणे. पुरावा काही नाही. नियम मला पाठ होता, तरी मी ती मंजूर केली. वाचकाचा हक्क, लोकशाही — काय काय सांगितलं मी स्वतःला! खरं सांगू? मला बरं वाटलं.

कुणीतरी त्या पानाचे प्रिंट काढून बंदरावर वाटले. नाखवांनी सुनेला सायबर कॅफेत बसवून उत्तर लिहवून घेतलं — सही नाय, असल तर कागद दाखवा. ते मी अडवलं. दुसरं आलं, तेही अडवलं. तिसऱ्यात तर त्यांनी हात जोडले होते. पण उत्तर छापायचं तर मुळात आरोप का छापला, हे मला सांगावं लागलं असतं... तिसरंही तसंच अडलेलं राहिलं.

नाखवा गप्प आहेत म्हणजे खरं असणार, असं म्हणत समितीने त्यांना काढलं.

नंतर ते मासळी बाजारात भेटले. वाटलं, आता चारचौघांत आपली लाज काढणार. ते जवळ आले, हळूच म्हणाले, "सर, माजा उत्तर दिसत नाय. सुनेनं चुकीचा बटन दाबला का काय?"

मी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"तसंच झालं असेल," मी म्हणालो.

"मंग तिला बोललो ता बरोबरच," ते म्हणाले.

नाखवा आता नाहीत. सून करंजाड्याला राहते. सासऱ्यांची अब्रू आपल्या हातून गेली, असं ती अजून मानते — मला तिनेच सांगितलं, रस्त्यात उभं राहून, डोळ्यांत पाणी आणून. मी तिला म्हणालो, जाऊ दे, होतं असं.