नाव ठाऊक नसलेल्याचं सुतक

आक्का गेल्या त्याला आता दीड महिना होत आला. मी मळ्यात भांगलत होते. शेजारची पारू बांधावरूनच म्हणाली, "वैनी, घराकडं चला." मी खुरपं तिथंच टाकून निघाले...

आक्का माझ्या थोरल्या नणंद. त्यांना सांगलीकडं दिलं होतं. लवकरच कपाळ पांढरं झालं आणि त्या उंब्रजला भावाकडं आल्या, त्या कायमच्याच. मी चौथी शिकलेली, पण चार माणसांत तोंड उघडत नाही. आक्का दोघींच्या वाटचं बोलत.

आमच्या माळावर उभ्या शिळांवर एक भलाथोरला दगड आडवा ठेवलेला होता. लोक त्याला पांडवांचं घर म्हणत. विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात बसवायला ह्यांनी तो बैल लावून ओढला. खाली तांबडंकाळं मडकं निघालं, आत हाडं. गडी मागं सरले. आक्कांनी मडकं जागच्या जागी मातीआड केलं आणि घरी येऊन वेगळ्या बसल्या. चुलीला हात नाही, देवाला नाही. दारावरून जाणाऱ्या बायका विचारत, "आक्का, कोण वारलं म्हणायचं? भीम का अर्जुन?" आक्काही हसत. म्हणत, "नाव ठावं न्हाई बया. पर त्याचं घर आमी मोडलं, तवा सुतक आमालाच की." दहा दिवस त्यांनी ते पाळलं.

आणि त्या गेल्या तेव्हा माझा थोरला लेक पलटणीतून सुट्टीवर आला होता. त्याच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. लढाईचे दिवस, पुन्हा सुट्टी कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. भावकी बसली. दिलेल्या लेकीचं सुतक माहेरी तीनच दिवस, असं ठरलं. रीतीला धरूनच होतं. सांगलीकडचं तर कोणी आलंही नाही. मी दाराआड उभी होते. म्हणावंसं वाटलं, माझ्या लेकाला आक्कांनीच अंगाखांद्यावर वाढवलं... शब्द फुटला नाही. चौथ्या दिवशी मी नव्या बांगड्या भरून पाहुण्यांना वाढत होते. विहीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कोण असतं? मी म्हणाले, एवढीच माणसं.

दहाव्या दिवशी सकाळी मी गुपचूप डोक्यावरून पाणी घेतलं. ओले केस बघून हे म्हणाले, "आज मधीच का न्हालीस?"

"उकडत हुतं," मी म्हणाले.

माघाची थंडी होती. दात वाजत होते. ह्यांनी खुंटीवरची आक्कांची घोंगडी काढून माझ्या अंगावर टाकली आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेले.

ती घोंगडी अजून घरात आहे. मला ती पांघरायची लाज वाटते, आणि दुसऱ्या कोणाला द्यायचीही.