लोणच्याच्या बरणीवरचा दगड

जन्मभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवल्याचा एक तोटा असा, की निवृत्तीनंतरही लोक दगड घेऊन दारात येतात. श्रीरामपूरच्या आसपास ‘आकाशातून पडलेला’ म्हणून जो काळा, जड दगड येतो, तो बहुतेक वेळा कुठल्याशा भट्टीत लोखंड वितळवून उरलेला चोथा निघतो. तसं सांगितलं की माणूस माझ्यावरच रुसतो.

शेजारच्या ताई लोणच्याच्या बरणीवर ठेवायचा दगड घेऊन आल्या. “दादांच्या उसात पडला हुता म्हनं,” त्या म्हणाल्या. दादा म्हणजे त्यांचे वडील. ते जाऊन बरीच वर्षं झाली. भलतेच थापाडे गृहस्थ. चालत्या बैलगाडीत बिबट्या शेजारी येऊन बसला आणि वेस आल्यावर उतरून गेला, हे ते शपथेवर सांगत. मग दगडाचं कोण खरं मानणार? गावात आजही कुणी थाप मारली की त्यांचंच नाव निघतं, आणि ते ताईंना फार लागतं.

“येवढं एक तरी खरं हाय का, बघा सर.”

लोहचुंबक चिकटला. पण तो भट्टीतल्या चोथ्यालाही चिकटतो. आत बघायला हवं होतं. ताईंनी नखाएवढा एकच टवका काढू दिला. तो काचपट्टीवर चिकटवून, त्यातून उजेड पार जाईपर्यंत घासायचा. एक हात जास्त फिरला की काचेवर काहीच उरत नाही. माझे हात आता थरथरतात, त्यामुळे मी पुरता घाबरलो होतो.

खडकातले स्फटिक रंगीत दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तेव्हा मनाची तयारी दोनच गोष्टींची होती: चोथ्यातले बुडबुडे, नाहीतर आपल्या काळ्या कातळातल्या स्फटिकांच्या आडव्यातिडव्या काड्या. दिसले ते गोल दाणे, राजगिऱ्याच्या लाडूसारखे एकमेकांना चिकटलेले. एक निळा, शेजारचा गुलाबी, एकाच्या पोटात गजांसारख्या रेघा. काचपट्टी फिरवली की ते विझत, आणखी फिरवली की पुन्हा उजळत. मधले लोखंडाचे कण तेवढे काळेच राहत. असे दाणे पृथ्वीवरच्या कुठल्याच खडकात नसतात. पृथ्वी घडण्याआधी वितळून थिजलेले थेंब आहेत ते. मी ते आजवर पुस्तकातच पाहिले होते. चहा निवून गेला तरी मी काचपट्टी फिरवतच होतो.

मग ताईंना बोलावलं. त्यांनी चष्मा काढून डोळा लावला.

“दादा खरं बोलत होते,” मी म्हणालो.

त्या काचपट्टी स्वतःच हळूहळू फिरवत राहिल्या. मग डोळा न काढताच त्यांनी विचारलं, “मग त्या बिबट्याचं पन खरं असंल का हो, सर?”

वर्गात मी जन्मभर पुरावा मागत आलो.

“असेल,” म्हटलं.