आत्याच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

माझी आत्या गाडी चालवायला शिकली ती पंचेचाळिशी उलटल्यावर, आणि तीही रागाच्या भरात. आतोबा जुने सोफे उसवून त्यांना नवं कापड चढवून देतात. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. महिनाभर खपून केलेला एक सोफा भाड्याच्या टेम्पोवाल्याने असा काही आपटला की त्याचा पाय निखळला. वर तोंड करून म्हणाला, "तो आधीपासूनच लंगडा होता." आत्याने त्याला दारातूनच वाटेला लावलं आणि त्याच आठवड्यात ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं. वर्ष फिरायच्या आत एक जुनी पिकअप दारात येऊन उभी राहिली. रंग उडालेला, डावं दार आतून लाथ घातल्याशिवाय उघडायचं नाही, पण इंजिन ठणठणीत.

बरीच वर्षं गाडीने तोंडातून ब्र काढला नाही. मग अचानक तिचं अ‍ॅव्हरेज बिघडलं. कायमचं बिघडलं असतं तर गोष्ट सोपी होती. पण एकदा लिटरला चौदा, मग दहा, मग पुन्हा आपलं चौदा! टाकी गळ्यापर्यंत भरायची, गाडी फिरवायची, परत भरायची आणि आकडा बघून कपाळाला हात लावायचा, हेच आत्याचं चाललं होतं.

आतोबांचं निदान तयार होतं. "अगं, तुझा पाय जड आहे. अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे काय शिलाई मशीन आहे?"

"मशीनवर तुम्ही बसता, मी नाही," आत्या म्हणाली.

कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रीने एअर फिल्टर बदलला, टायरमध्ये हवा भरली, डिझेलचे पाइप बोटांनी चाचपून पाहिले. चाकं जॅकवर उचलून फिरवली. चारही गरगर फिरली. "ताई, गाडीला काही झालेलं नाही. मोठा सोफा चढवता त्या दिवशी खात असेल जास्त. लोड, दुसरं काय?"

पटण्यासारखं होतं. आतोबांना तर ते इतकं पटलं की त्यांनी पायाचा मुद्दाही तात्पुरता मागे घेतला. पण आत्याला ऐकलेलं पटत नाही, केलेलं पटतं. तिने शेजारच्या सुताराचं लाकडी कपाट गाडीत घातलं, सुतारालाच मदतीला घेतलं आणि दिवसभर घाट वाटावा अशा चढउतारांवरून गाडी फिरवली. आकडा चांगला आला. मग एका दिवशी आतोबांना बरोबर घेऊन नुसती चार स्टुलं पोचवली. आकडा कोसळला!

"म्हणजे लोड नाही," आत्या म्हणाली.

"म्हणजे परत पायच," आतोबा म्हणाले.

त्या दिवसांत हवेत चांगलाच गारठा होता. आमच्या गल्लीत एक म्हातारा कुत्रा आहे, सगळे त्याला वॉचमन म्हणतात. तो फाटकाजवळ पोत्यावर झोपतो आणि सहसा कुणासाठी उठत नाही. एके दिवशी आत्या आणि आतोबा एक मोठा सोफा पोचवून संध्याकाळी परतले. गाडी दारात लावून आत्या मागची दोरी गुंडाळत होती, तेवढ्यात वॉचमन पोतं सोडून उठला, आळस देत गाडीपाशी आला आणि मागच्या डाव्या चाकाला पाठ लावून मुटकुळं करून पडला. आत्या त्याला हाकलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिने चाकाजवळ तळहात नेला. तव्यासारखी धग लागली. पळत उजव्या बाजूला गेली. ते चाक थंडगार.

"अहो! बाहेर या! सापडलं!" ती अशी ओरडली की समोरच्या दोन खिडक्या उघडल्या.

मिस्त्री स्कूटरवरून आला. वॉचमनला समजावून बाजूला केलं, चाक जॅकवर उचललं. हाताने फिरवलं तर खर्र खर्र करत जेमतेम सरकलं. "ब्रेक धरून बसलाय, ताई. गाडी दिवसभर ब्रेक लावून पळतेय. रात्री गार झाला की सुटत असणार, म्हणून मला सकाळी काही दिसायचं नाही." त्याने गाडीखाली शिरून हँडब्रेकच्या केबलवर दोन टोले हाणले. चाक मोकळं झालं. "आता नेहमीसारखा हँडब्रेक ओढा बघू."

आत्याने ओढला, सोडला. चाक छान फिरलं. परत ओढला. परत छान.

मिस्त्री डोकं खाजवू लागला. "मग अडकतो कधी? तुमच्याशिवाय कोण हात लावतं याला?"

आत्याने हळूच मान वळवली. आतोबा समोरच्या भिंतीचं प्लास्टर फार मन लावून बघत होते.

"ते… चढावर गाडी थांबली की… मीच ओढतो," ते म्हणाले. "मागे घरंगळेल अशी धास्ती वाटते."

"ओढून दाखवा, काका."

आतोबा गाडीत बसले. दोन्ही पाय समोर रोवले, दोन्ही हातांनी दांडा पकडला, डोळे मिटले आणि सोफ्याची स्प्रिंग ताणावी तसा हँडब्रेक ओढला. मग सोडला. मिस्त्रीने चाकाला हात घातला. खर्र खर्र.

"केबलला आतून गंज आहे," मिस्त्री म्हणाला. "ताईंच्या हाताने जाते तिथवर ठीक. काकांच्या ताकदीने पार टोकाला गेली की परत येत नाही."

आत्या एवढी हसली की तिला फुटपाथवर बसावं लागलं. "माझा पाय जड! माझा पाय!" एवढंच तिला बोलता येत होतं. आतोबांनी थोडा वेळ चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न केला, पण मिस्त्रीच फिस्सकन हसला आणि मग तेही खो-खो हसत सुटले.

नवी केबल बसली, आकडा चौदावर स्थिर झाला. पण आत्याच्या मनात आतोबांची ती धास्ती राहून गेली. इतकी वर्षं शेजारी बसून हा माणूस घाबरत होता आणि तिला पत्ता नव्हता. एका रविवारी तिने किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "शेजारी बसून भीती वाटते ना? मग इकडे बसा."

"या वयात?"

"मी काय पाळण्यात शिकले होते?"

रिकाम्या मैदानावर सराव सुरू झाला. आतोबांनी एक कुंपण पाडलं आणि ते स्वतःच बांधून दिलं. लायसन्स मिळालं त्या दिवशी ते एकटेच गाडी घेऊन निघाले. आम्ही सगळे दारात उभे. गाडी गल्लीत शिरली, घरासमोर आली आणि तशीच पुढे गेली. चक्कर मारून परत आली, परत पुढे गेली.

"अहो, थांबता येत नाहीये का?" आत्या घाबरून ओरडली.

आतोबांनी काच खाली केली. चेहरा नुसता फुललेला. "येतंय गं!" ते म्हणाले. "उतरावंसंच वाटत नाहीये!"