दारातला माईक

नव्या होम थिएटरचा आवाज जुळवायला माझ्या मुलाने, निनादने, सोफ्यावर स्टँड ठेवून त्याला बोटाएवढा माईक लावला. बसणाऱ्याचा कान जिथे येतो, तिथे तो ठेवायचा. मग एकेक स्पीकर शिट्टीसारखा चढता आवाज काढतो आणि यंत्र मोजलेल्या सगळ्या जागांचा मेळ घालून आवाज बेततं. पंखा बंद, बोलणं बंद. ह्यांची जागा मोजून झाली, निनादची झाली, कधीमधी येणाऱ्या पाहुण्याचीसुद्धा झाली.

मी स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत होते. या घरातले सगळे सिनेमे मी इथूनच पाहिलेत, निम्मे फोडणीच्या आवाजात. कान सगळ्यांनाच असतात. माईक कुठे ठेवायचा, हे मात्र घर ठरवतं.

"इथलंही मोज," मी म्हणाले.

"आई, तिथे कोण बसतं?"

"मग मी काय करतेय?"

मी उठले, स्टँड उचलला आणि माझ्या पाटाशी, माझ्या कानाच्या उंचीवर ठेवला. शिट्ट्या पुन्हा सुरू झाल्या.

सोफ्यावर आता तितकी मजा येत नाही, अशी बापलेकांची तक्रार आहे. म्हटलं, मग इथे येऊन बसा. मेथीची अजून एक जुडी निवडायची आहे.