फक्त वाचणारं टूल आणि अमावास्येचा बिघाड

आमच्या चाकणच्या कंपनीत एआय आलं तेव्हा केक कापला होता. केकवर साखरेचा रोबोट होता आणि त्याचं डोकं प्लान्ट हेडसाहेबांनी खाल्लं. त्या रोबोटचं माहितीपुस्तक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कंपनीत धड मराठी आणि धड इंग्रजी लिहिणारी मी एकटी, त्यामुळे जे कुणाला नको ते माझ्याकडे येतं.

प्रकार साधा होता. कुठलं मशीन कधी थांबलं, का थांबलं, कुणी चालू केलं, हे सगळं कंपनीच्या सिस्टिममध्ये साठतं. साहेब एआय एजंटला प्रश्न विचारणार, एजंट आमच्या टूलला कामाला लावणार आणि टूल नोंदी शोधून आणून देणार. टूल फक्त वाचतं. काही लिहीत नाही, खोडत नाही. म्हणून त्याच्यापासून कुणालाही धोका नाही, हे वाक्य मला पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत टाकायला लावलं. मग टूलची परीक्षा घ्यायची होती. मी प्रश्न विचारायचे, आलेली उत्तरं तपासायची आणि बरोबर की चूक ते लिहायचं.

निगडीहून कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी प्रश्न काढायचे. त्यातला एक होता, पत्रा दाबणारी मोठी प्रेस सारखी का थांबते? एजंटने क्षणात उत्तर दिलं. प्रेसमध्ये दर महिन्याला ठरावीक अंतराने बिघाड होतो, देखभाल कमी पडते, आणि वर्षभरातल्या सगळ्या बिघाडांची नोंद एकाच मेंटेनन्सवाल्याच्या नावावर आहे. मुख्यालयाच्या साहेबांना तर आनंदाचं भरतंच आलं. 'पॅटर्न' सापडला म्हणे. कंप मोजणारे सेन्सर मागवायची भाषा सुरू झाली. एवढी शिकलेली माणसं, पण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वर करून बघावं असं एकालाही सुचलं नाही. बिघाडाचा प्रत्येक दिवस अमावास्येचा होता.

अमावास्येला आमची प्रेस थांबवतात. पुसून लख्ख करतात, हार घालतात, लिंबू-मिरची बांधतात, नारळ फोडतात. ह्या पट्ट्यात कित्येक वर्कशॉपमध्ये हे चालतं आणि माझी त्याला काही हरकत नाही. ज्याला रोज त्या प्रेसखाली हात घालायचा आहे त्याने तिला नमस्कार केला तर बिघडलं कुठे? पण मशीन थांबलं की सिस्टिम कारण मागते आणि ते तिच्याच यादीतून निवडावं लागतं. बिघाड, वीज नाही, माल नाही, साचा बदल. पूजा त्यात नाही, कारण यादी करणाऱ्यांनी प्रेसला हार घातलेला कधी पाहिलेला नाही. मशीन बंद-चालू करणं मेंटेनन्सकडे, म्हणून मेंटेनन्सवाला आपल्या लॉगिनने 'बिघाड' टाकून मोकळा व्हायचा. त्याच्या आधीचाही तेच टाकायचा.

हा मेंटेनन्सवाला लातूरकडचा. बायको आणि मुलीला घेऊन देहूरोडला खोली करून राहायचा. कंत्राटावर होता आणि त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे नेमकं तेव्हाच ठरायचं होतं. मी त्या उत्तरापुढे 'चूक' असं लिहिलं. आयटीवाला माझ्यावर तुटूनच पडला.

"मॅडम, टेबलमध्ये बिघाड आहे, टूलने बिघाड सांगितला. मॅच होतंय ना? मग चूक कसं?"

"अहो, त्या दिवशी पूजा होती. प्रसाद तुम्हीही खाल्लात."

"पण ते डेटात नाही ना मॅडम."

ह्या माणसाला माझ्यापेक्षा बराच जास्त पगार आहे.

मी हट्टाने विषय मीटिंगमध्ये नेला. मुख्यालयाचे साहेब समोर बसले होते, बाजूला आमचे प्लान्ट हेड. दर अमावास्येला नारळ फोडतात ते प्लान्ट हेडच, स्वतःच्या हाताने, बूट काढून. मी सगळं सांगितलं. मुख्यालयाच्या साहेबांनी भुवया उंचावून विचारलं, "पूजेसाठी प्रॉडक्शन थांबवता?" आमचे साहेब मोबाइलमध्ये बघत म्हणाले, "छे, छे. असं काही नसतं आपल्याकडे."

मग मेंटेनन्सवाल्याला आत बोलावलं. बिघाड होता का, असं विचारलं. त्याने आमच्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी काही मान वर केली नाही.

"व्हता सर," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर भडकले. इतका राग मला साहेबांचाही आला नव्हता.

"खरं का नाही बोललात?"

"ताई, चारचौघांत साहेबांना खोटं पाडावं का? आन् देवाचं नाव काढून सोताची नोकरी वाचवायची, बरं दिसतंय का ते? साहेब बघतील की माझं."

साहेबांनी बघितलं. त्याला कायम केलं नाही. मग मोठ्या मनाने त्याला सांगितलं, आपल्याच दुसऱ्या प्लान्टमध्ये जागा आहे, मी शब्द टाकतो. माझ्या अहवालातलं 'चूक' मात्र कुणीतरी 'बरोबर' करून ठेवलं होतं. टूल लिहू शकत नसलं तरी माणसं लिहू शकतात.

काही दिवसांनी त्या दुसऱ्या प्लान्टमधून भरती बघणाऱ्या बाईंचा मला फोन आला. माणूस कसा आहे, असं त्यांनी विचारलं. मी अमावास्येपासून मीटिंगपर्यंत सगळं सांगितलं, आवाज चढेपर्यंत सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं पटतंय हो," त्या म्हणाल्या. "पण मी आत्ताच टूलला विचारलं, दर महिन्याचा बिघाड ह्यांच्याच नावावर आहे. आणि ते उत्तर बरोबर आहे, असं खाली तुमच्याच नावाने लिहिलंय."