कासराभर दिवस

बोरी अरबच्या शिवारात निंदणाच्या बाया कधी सुटतात? कासराभर दिवस राहिला की. म्हणजे बुडता सूर्य जमिनीपासून बैलाच्या दोराएवढा वर असला की. हा दोर कोणत्या बैलाचा, हे सात पिढ्यांत कोणाला विचारावंसं वाटलं नाही. वाटलं ते प्रफुल्लभाऊंना. भाऊ शेतकीचा डिप्लोमा आणि मनगटावर चकाकतं घड्याळ घेऊन गावी घरच्या शेतीवर परतले, तेव्हा कापसाला सोडून सगळ्याला भाव होता. कापूस काही सुधारेना, म्हणून भाऊंनी बाया सुधारायला घेतल्या.

“आजपासून सुट्टी साडेसहाला,” रेडिओवर शेतकऱ्यांना सल्ला देतात त्या नाकातल्या आवाजात ते म्हणाले. “कासरा-बिसरा बंद!”

टोळीची म्होरकी रुक्माबाई ओळीतून मान वर न काढता बोलली, “आज जमत नाई, भाऊ. विहारात माह्या नंबर हाये.”

बौद्धांचा पावसाळ्यातला वर्षावास चालू होता. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होई आणि आज पहिल्यांदाच रुक्माबाई वाचणार होती. साठी उलटल्यावर नातीनं, दीपमालानं, तिला अक्षरं शिकवली होती. लोडशेडिंगच्या कृपेनं दिवे नवाला यायचे. म्हणजे वाचायचं ते उजेड आहे तोवर.

“पण कासरा म्हणजे मिनिटं किती?”

“मिन्टं मले काय मालूम? कासरा म्हंजे कासरा.”

“मोजूनच बघू!”

भाऊंनी सालदार उकंडाला बैलाचा दोर सोडून आणायला लावला.

“भाऊ, कुठी धरू?”

“क्षितिजावर!”

उकंडा बिचारा जवळच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोराचं टोक धरून उभा राहिला. इकडे भाऊ दुसरं टोक आभाळात उंचावून, एक डोळा मिटून, चवड्यांवर उभे. नेमका सूर्य ढगात गेला.

“भाऊ,” टोळीतली नलू खिदळली, “सूर्याले येसन घालून राह्यले काय?”

हे संशोधन चालू असताना रुक्माबाईनं ओळ धुऱ्यापर्यंत निंदून काढली, हात धुतले आणि वाटेला लागली. मागोमाग अकरा बाया. भाऊंनी घड्याळ पाहिलं. पावणेसहा!

“गेल्या तर उद्या येऊ नका!”

“बरं,” रुक्माबाई म्हणाली. “मंग घड्याळच निंदन कापूस.”

विहारात ती पांढरं लुगडं नेसून दाराच्या उजेडात बसली. अक्षराखाली बोट धरून एकेक शब्द ओढू लागली, चिखलातून बैलबंडी ओढावी तशी. चौथ्या ओळीत ‘प्रज्ञा’ आडवी आली. ती पार होईस्तोवर अंधार पडला. वाचनाची व्यवस्था पाहणाऱ्या धम्मरत्ननं आलेली जांभई भक्तिभावानं गिळली.

“मावशे, बाकीचं उद्या वाचू.”

“उद्या नलूचा नंबर हाये.” तिनं बोट जागचं हलवलं नाही. “बॅटरी धर.”

धम्मरत्ननं धरली. मच्छरांनी सगळ्यांना फोडून काढलं, पण पान संपेस्तोवर कोणी उठलं नाही.